पात्रतेची ओळ आधी वाचा

'परभणी क्रांती' हे नाव देशभरातल्या भेंडी पिकवणाऱ्यांना ठाऊक आहे. त्यातल्या बऱ्याच जणांनी परभणी कधी नकाशातही पाहिली नसेल. १९८०च्या दशकात इथल्या कृषी विद्यापीठाने हा वाण दिला. तेव्हा 'पुसा सावनी' हा भेंडीचा लोकप्रिय वाण केवड्याने बेजार झाला होता. केवडा म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा विषाणूरोग. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते आणि कोणतेही औषध फवारून झाडातला विषाणू मरत नाही. म्हणून पैदासकारांनी भेंडीच्या नात्यातली अबेलमोशस मॅनिहॉट ही जात घेतली. तिच्यात या रोगाला तोंड देण्याची ताकद होती. तिचा पुसा सावनीशी संकर केला. जाती वेगळ्या असल्यामुळे अशा संकराची पहिली पिढी बहुतेक वांझच निघते. जी थोडी झाडे फळली, त्यांचा संकर पिढ्यान् पिढ्या पुन्हा पुसा सावनीशीच करत गेले. शेवटी चवीला आणि रूपाला भेंडीच, पण केवड्यापुढे टिकणारा, असा वाण हाती आला.

जाती वेगळ्या असल्या की संकर वांझ का होतो, अर्धसूत्री विभाजनात गुणसूत्रांच्या जोड्या का जुळत नाहीत, विषाणूचा वाहक म्हणजे काय, बॅकक्रॉस कशासाठी करतात, हे सगळे बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात असते. परभणीच्या महाविद्यालयांत ते दरवर्षी शिकवले जाते आणि दरवर्षी परीक्षेत विचारलेही जाते. मात्र ज्या गावात हे घडले, त्याच गावातली अनेक मुले 'बॉटनी करून काय मिळणार?' असे विचारत पदवी पूर्ण करतात. पुढे त्या वाणाची रोगप्रतिकारकता ठिकठिकाणी ढासळली, कारण विषाणूही बदलतो. थोडक्यात, काम संपलेले नाही आणि त्यासाठी माणसे लागतातच. ही माणसे कोण होणार आणि त्यांनी तयारी कशी करायची, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी एक अवघड गोष्ट बोलून टाकू. आपल्याकडे बारावीला 'बायो' घेणारा मुलगा किंवा मुलगी घरच्यांच्या डोळ्यांत डॉक्टरच असते. लातूर-नांदेडचे क्लास, नीट, मग एक वर्ष रिपीट, कधी दोन. नंबर लागला नाही की बी.एस्सी.ला नाव घालायचे, तेही 'तोवर' म्हणून. प्रथम वर्षात वर्गात बसलेल्यांपैकी बरेच जण मनाने अजून नीटच्याच रांगेत उभे असतात. माझे मत स्पष्ट आहे. आणखी एक प्रयत्न करायचा असेल तर तो पूर्ण ताकदीने करावा, पण बी.एस्सी.च्या तिन्ही वर्षांत तो खांद्यावर वागवू नये. त्यात नीटही जाते आणि पदवीच्या पायाची दोन वर्षेही जातात. आईवडिलांनीही बी.एस्सी.ला 'हुकलेले एमबीबीएस' म्हणणे सोडावे. तो वेगळा रस्ता आहे आणि त्याचे फाटे आधीच माहीत असावे लागतात.

परभणी जिल्ह्यातली महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १९९४ साली मराठवाडा विद्यापीठातून वेगळे झाले. परभणीत श्री शिवाजी, ज्ञानोपासक, बी. रघुनाथ ही महाविद्यालये, सेलूत नूतन, शिवाय जिंतूर, गंगाखेड आणि मानवतची महाविद्यालये, अशी विज्ञानाची सोय तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहे. विषयांची निवड मात्र बहुधा मैत्रिणीने काय घेतले किंवा कुठल्या तुकडीत जागा उरली यावर होते. खरी चूक इथेच होते, कारण पदवी झाल्यावर जाहिरातीत पहिल्यांदा पाहिली जाते ती पात्रतेची ओळ, आणि त्या ओळीत विषयांची नावे असतात.

उदाहरणेच पाहा. अन्न व औषध प्रशासनात अन्न सुरक्षा अधिकारी व्हायचे तर अन्न तंत्रज्ञान, दुग्ध तंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, तेल तंत्रज्ञान, कृषी, पशुवैद्यक, जैवरसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र यांपैकी पदवी लागते. रसायनशास्त्रातली पदव्युत्तर पदवी किंवा वैद्यकीय पदवीही चालते. या यादीत वनस्पतिशास्त्र नाही, प्राणिशास्त्रही नाही. आता संघ लोकसेवा आयोगाची भारतीय वनसेवा परीक्षा घ्या. तिथे पदवीत पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय असावा लागतो, नाहीतर कृषी, वानिकी किंवा अभियांत्रिकीची पदवी. इथे सूक्ष्मजीवशास्त्राचे नाव नाही. एका बाकावर बसणाऱ्या दोघींपैकी एकीला पहिले दार उघडे आणि दुसरीला दुसरे. रसायनशास्त्र सोबत ठेवणारीला वनसेवेचे दारही उघडे राहते. कृषी खात्यातल्या अधिकारीपदांसाठी कृषी पदवीच मागतात. बॉटनीत पहिला वर्ग मिळवून तिथे अर्ज भरणारे दरवर्षी नाराज होतात, पण नियम आधीपासून छापलेला असतो. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषय, गौण विषय आणि क्रेडिट असा मामला आहे, त्यामुळे गुणपत्रिकेवर विषयाचे नाव कसे छापले जाणार हेही प्रवेश घेतानाच विचारून ठेवा. तृतीय वर्षाला गेल्यावर ते बदलता येत नाही.

पात्रतेच्या ओळीत कधीकधी अनपेक्षित आनंदही असतो. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी नियमात कृषी पदवीबरोबरच जैवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान, जीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र घेऊन केलेली विज्ञान पदवी धरली आहे. म्हणजे गावातल्या कृषी सेवा केंद्राचा कीटकनाशकाचा परवाना बॉटनी-झूलॉजीच्या पदवीधराला मिळू शकतो. (खताच्या परवान्याचे नियम वेगळे आहेत, ते निराळे पाहावेत.) कापूस आणि सोयाबीनच्या या जिल्ह्यात शेतकरी पानावर डाग दिसला की विद्यापीठात जात नाही, दुकानदाराला विचारतो. तो दुकानदार किडीचे जीवनचक्र शिकलेला असेल तर फरक पडतो. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की वरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून पतंग सापळ्यात दिसू लागले तेव्हाच हालचाल करायची असते. बीटी कपाशीतल्या दोन्ही जनुकांना ती आता पुरून उरली आहे, आणि एकाच विषाच्या दीर्घ माऱ्याने प्रतिकारक कीड कशी निवडली जाते हा तर उत्क्रांतीचा पाठच आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. कोणती दोन औषधे एकत्र मिसळू नयेत, तोंडावर काय बांधावे, उंच वाढलेल्या कपाशीत कधी फवारू नये, हे सांगणारा माणूस दुकानात असणे ही चैन नव्हे. एक इशाराही देतो. पदवी दुसऱ्याच्या दुकानाला भाड्याने देऊ नका. परवान्यावर ज्याचे नाव, जबाबदारी त्याची.

झूलॉजीवाल्यांसाठी जवळचे आणखी एक काम म्हणजे रेशीम. मराठवाड्यात तुतीची लागवड वाढली आहे आणि परभणीच्या कृषी विद्यापीठात रेशीम संशोधन योजना चालते. रेशीमकीटकाची अळी चार वेळा कात टाकते, म्हणून तिच्या वाढीच्या पाच अवस्था होतात. पहिल्या दोन अवस्थांतल्या नाजूक अळ्यांना चॉकी म्हणतात. त्यांना २७-२८ अंश तापमान, भरपूर आर्द्रता आणि कोवळा, बारीक चिरलेला पाला लागतो. परभणीचा पारा मे महिन्यात ४२-४३ च्या वर जातो, तेव्हा हे साधणे प्रत्येक शेतकऱ्याला जमत नाही. म्हणून काही जण चॉकी केंद्र चालवतात. ते अंडीपुंज आणून पहिल्या दोन अवस्था सांभाळतात आणि मग अळ्या शेतकऱ्यांना विकतात. त्यासाठी नोंदणी लागते. यातली सगळ्यात मोठी भीती पेब्रिन रोगाची. तो मादीकडून अंड्यात उतरतो, त्यामुळे वरून निरोगी दिसणारी अंडीही पुढे दगा देतात. १८६५ नंतरची काही वर्षे लुई पाश्चर फ्रान्सच्या दक्षिणेत याच रोगामागे लागले होते. अंडी घातल्यावर मादी पतंग वाटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, तिच्यात रोगाचे बीजाणू दिसले की तिची अंडी नष्ट करायची, अशी पद्धत त्यांनी रूढ केली. रोगमुक्त अंडीपुंज तयार करताना आजही मूळ तपासणी हीच आहे. चाळीस पटीत काय दिसते आणि चारशे पटीत काय, हे ज्याला उमगते, त्याचा या धंद्यात निभाव लागतो. आपल्याकडे मात्र मुलांना सूक्ष्मदर्शक हातात मिळतो तो परीक्षेच्या दिवशी, 'स्पॉटिंग'च्या टेबलावर.

हाताच्या कामाची ही उणीव मला सगळ्यात जास्त खटकते. प्रात्यक्षिकाचे जर्नल म्हणजे मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवायची वही, असा रिवाज पडला आहे. आकृत्या सुबक, निरीक्षणे सगळ्यांची सारखीच. मुलाखतीत कंपनीचा माणूस विचारतो, 'मायक्रोपिपेट धरून दाखव, कल्चर दूषित झाले हे कशावरून ओळखशील?' तिथे सुबक आकृती कामाला येत नाही. नव्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि ऑन जॉब ट्रेनिंग आले आहे. बऱ्याच ठिकाणी त्याचाही कागद होतो, ओळखीच्या दुकानातून सही आणली की झाले. तसे करू नका, कारण करण्याजोगे काम परभणीत हाताशी आहे.

सोयाबीनचे बियाणेच घ्या. राज्याच्या शासकीय बीज परीक्षण प्रयोगशाळांपैकी एक परभणीतच आहे. सोयाबीनच्या बियाण्याची उगवणशक्ती किमान ७० टक्के असावी, असा निकष आहे. या दाण्याचे टरफल पातळ असते आणि बीजांकुर टरफलाला अगदी लागून असतो, त्यामुळे मळणीत किंवा पोती आपटताना मार बसला की दाणा बाहेरून चांगला आणि आतून मेलेला निघतो. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून मराठवाड्यातून तक्रारींचा पाऊस पडला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. आता बॉटनीच्या दहा विद्यार्थ्यांनी मे महिन्यात आपापल्या गावातून घरचे बियाणे गोळा केले, प्रत्येक नमुन्याचे शंभर-शंभर दाण्यांचे चार गट ओल्या गोणपाटात ठेवले, सात-आठ दिवसांनी सरळ कोंब, वेडेवाकडे कोंब आणि कुजलेले दाणे वेगळे मोजले, तर प्रकल्प झाला, गावाला पेरणीआधी सल्ला मिळाला, आणि नमुना कसा घ्यायचा, चार गटांत फरक का पडतो, सरासरीवर किती विसंबायचे हे संख्याशास्त्रही हाताखालून गेले. अशा प्रकल्पाची वही मुलाखतीला घेऊन जा. तिच्यात खाडाखोड असली तरी चालेल.

कृषी विद्यापीठाचे नाव निघालेच आहे तर थोडे सांगतो. १८ मे १९७२ ला मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ते सुरू झाले आणि २०१३ पासून वसंतराव नाईकांचे नाव त्याला लागले. परभणी शक्ती ही लोह आणि जस्त अधिक असलेली ज्वारी इक्रिसॅट आणि या विद्यापीठाने मिळून २०१८ साली दिली. हळद-आल्याच्या कंदकुजीसाठी शेतकरी विद्यापीठात येऊन नेतात ते बायोमिक्स म्हणजे उपयुक्त बुरशी आणि जिवाणूंचे मिश्रण. ट्रायकोडर्मा प्लेटवर कसा वाढतो हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलांनी पुस्तकातच का पाहावे? शेजारीच पशुवैद्यक महाविद्यालय आहे, अन्न तंत्रज्ञान महाविद्यालय आहे. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे आपण हसत म्हणतो, पण जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला पायी फिरून इतके विभाग पाहता येतील अशी जिल्ह्याची गावे राज्यात फार नाहीत. प्राचार्यांचे पत्र घेऊन गेले तर दारे सहसा बंद होत नाहीत. प्राध्यापकांनीच वर्षातून दोनदा वर्ग तिकडे न्यायला हवा.

ज्यांना संशोधनात जायचे आहे त्यांचा रस्ता लांब आहे, पण त्यावर पैसेही मिळतात. एम.एस्सी.साठी नांदेडच्या विद्यापीठात विष्णुपुरीला जीवशास्त्राचे संकुल आहे. त्याखेरीज आयआयटींच्या जॅम परीक्षेतला जैवतंत्रज्ञानाचा पेपर, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची गॅट-बी आणि केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी आहे. मग सीएसआयआर-नेट. जीवशास्त्राचा हा पेपर २०० गुणांचा असतो. अ भागात २० पैकी १५ प्रश्न सोडवायचे, ब मध्ये ५० पैकी ३५, क मध्ये ७५ पैकी २५. अ भागात जीवशास्त्र नसतेच. आलेख, टक्केवारी, तर्क आणि आकडेमोड असते. 'बायोवाल्यांना गणित लागत नाही' या समजावर दहावीपासून जगलेली मुले तिथे अडतात. क भागाला पाठांतर पुरत नाही. प्रयोग दिलेला असतो आणि निष्कर्ष आपण काढायचा असतो. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडे. पुण्यातली आघारकर संशोधन संस्था, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर ही सगळी दारे त्यानंतर ठोठावता येतात. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्याही पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती आहेत. पदवीला असतानाच तीन विज्ञान अकादमी मिळून देतात त्या उन्हाळी संशोधन फेलोशिपला अर्ज करा. दोन महिने मोठ्या प्रयोगशाळेत काम करायला मिळते आणि विद्यावेतनही मिळते. अर्जात एक छोटे टिपण लिहावे लागते. ते इंटरनेटवरून उचलले की वाचणाऱ्याला पहिल्या दोन ओळींतच कळते.

इंग्रजीचे काय? इंग्रजी लागते, पण भाषण द्यायला नव्हे, वाचायला. आठवड्याला एक शोधनिबंध शब्दकोश जवळ ठेवून वाचला तर तृतीय वर्षापर्यंत भीती मोडते.

बी.एड.बद्दल दोनच ओळी. शिकवण्याची हौस असेल तर ते उत्तम काम आहे. 'दुसरे काही सुचत नाही' किंवा 'मुलगी आहे, जवळच बरी' म्हणून ते करू नये, कारण शिक्षकभरतीची वाट लांब आहे. डी.एम.एल.टी.बद्दलही गैरसमज आहे. तो अभ्यासक्रम केल्यावर प्रयोगशाळेत काम मिळते, पण तपासणी अहवालावर सही नोंदणीकृत पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरचीच लागते. छत्रपती संभाजीनगरजवळचे औषध कारखाने किंवा पुण्यातल्या लस उत्पादक कंपन्या गुणवत्ता विभागात सूक्ष्मजीवशास्त्राचे पदवीधर घेतात. पगार सुरुवातीला बेताचा आणि काम पाळीत असते. जळगावला केळीच्या ऊतिसंवर्धनाचा मोठा उद्योग आहे. वर्षभर अशा ठिकाणी हात घासलेला पदवीधर पुढच्या मुलाखतीत वेगळाच दिसतो.

आता चौथे वर्ष. नव्या धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर संशोधनासह ऑनर्सही करता येते. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवणाऱ्याला पीएच.डी.साठी एम.एस्सी.शिवायही पात्रता आहे. माझा सल्ला असा. महाविद्यालयात चालती प्रयोगशाळा आणि स्वतः संशोधन करणारे मार्गदर्शक असतील तरच चौथे वर्ष तिथे करा, नाहीतर तीन वर्षांनी चांगल्या ठिकाणी दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला जा. नोकरीची घाई असेल किंवा घरची अडचण असेल, तर तीन वर्षांवर थांबण्यात कमीपणा काहीच नाही.

आणि कागदपत्रे. हुशार मुलांची वर्षे यापायी गेली आहेत. बॅक राहिलेला एखादा पेपर पाचव्या सत्राच्या आत काढा, शेवटच्या निकालाबरोबर लोंबकळत ठेवू नका. क्रेडिट बँकेच्या खात्यातले नाव, आधारवरचे नाव आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव अक्षरशः एकच आहे का, हे द्वितीय वर्षातच तपासा. दुसऱ्या विद्यापीठात जायचे तर मायग्रेशन लागते. काही ठिकाणी ट्रान्सक्रिप्ट मागतात आणि ते मिळायला वेळ लागतो. पदवी प्रमाणपत्रासाठी दीक्षान्त समारंभाआधी वेगळा अर्ज भरावा लागतो, ते आपोआप घरी येत नाही. जात वैधता आणि नॉन-क्रीमिलेअरच्या मुदती मोबाइलमध्ये टाकून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग लागते, तेव्हा हे काम एप्रिलमध्येच उरका.